आईनं राखलेल्या पिशव्या

क्लोरीनचा वास आला की सोलापूरजवळचं ते वॉटर पार्क आठवतं. लोहाऱ्याहून जीप करून आम्ही सगळे गेलो होतो. साडीत पाण्यात उतरता येणार नाही, असं दारावरच्या माणसानं आईला सांगितलं. भाड्यानं मिळणारा नायलॉनचा ड्रेस तिनं हातात धरून बघितला आणि परत ठेवला. "जावा तुमी, म्या बसते पिशव्यापशी," म्हणाली. आमच्याकडं नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं, घागरी तीच वाहायची. ती दिवसभर उन्हात आमच्या चपला आणि धपाट्यांचा डबा राखत बसली. निघताना माझे ओले केस पिळत तिनं विचारलं, "पाणी लई गार व्हतं का गं?" आज माझी पोरं घसरगुंडीवर ओरडतायत. अंगात पोहण्याचा ड्रेस घालून मी मघापासून बाकावर बसलेय. पिशव्या कुणापाशी ठेवू?