अर्धा इंच उतरलेला चेहरा

तिन्हीसांजेला अंथरुणावर पडू नये, असे बजावणारे माणूस आता घरात उरलेले नाही, म्हणून डॉ. कुमुदिनी तारळेकर निवांत पडून आहेत. निवांत हा शब्द चुकीचा आहे, हे त्यांना कळते. सगळी नोकरी औषधांच्या परीक्षणशाळेत काढलेल्या बाईला शब्द आणि वजन दोन्ही नेमके लागतात. त्या पडून आहेत, कारण उठण्याचे कारण सापडत नाही; पुराव्यानिशी एवढेच विधान करता येते.

उशाजवळच्या स्टुलावर ब्राह्मीच्या चूर्णाची बाटली आहे आणि छोटा डिजिटल काटा आहे. हातात रंग कालवायची पाती आहे. ती त्यांच्या यजमानांची. साताऱ्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवणारे तारळेकर सर गेले, त्यानंतर ही पाती कपाटातून आज पहिल्यांदा बाहेर आली आहे.

सर होते तोवर बाईंच्या उदासीचा कारभार त्यांच्याकडे होता. रोज सकाळी चहाआधी ते पाती धरलेला हात लांब करायचे, एक डोळा मिटायचे, समोर बसवलेल्या मॉडेलचे माप घ्यावे तसा बायकोचा चेहरा मापायचे आणि जाहीर करायचे, "आज अर्धा इंच उतरलाय." मग त्या मानाने पातीच्या टोकावर चूर्ण. चेहरा वर असला की कमी, उतरला की जास्त. या पद्धतीला शास्त्राचा काडीचाही आधार नव्हता. गुण मात्र येत होता.

ते गेल्यावर बाईंनी सूत्रे स्वतःच्या हाती घेतली. खात्रीचे चूर्ण मागवले, मिलिग्रॅममध्ये मोजले, मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवली. नमुना एक, निरीक्षक तोच, तुलनेला दुसरे कोणी नाही. एखाद्या विद्यार्थ्याने असा प्रयोग पुढे ठेवला असता, तर त्यांनी तो दारातूनच परत पाठवला असता. मात्रा वाढत गेली, पोट बिघडले, चेहरा होता तिथेच राहिला.

आज संध्याकाळी मुलगी, मुक्ता, त्यांना मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायला येणार आहे. सकाळी फोनवर दोघींची जुंपली.

"आई, आंघोळ करून तयार राहा."

"मी येणार नाही. माझा डोस मला ठरवता येतो."

"दिसतंय ना ते. आठवडा झाला, केसांना फणी लावली नाहीस. मी येतेय. नाही आलीस तर उचलून नेईन."

डोक्यावर पंखा फिरतो आहे. त्याची पाती एकेक करून मोजता येऊ लागतात, म्हणजे पंखा मंदावला आहे, किंवा त्या. मग मोजता येत नाहीत.

सर पलंगाच्या कडेला बसले आहेत.

"तिन्हीसांजेची झोपलीस?"

"तुम्ही गेला आहात," बाई सांगतात. गोष्टी आधीच स्पष्ट केलेल्या बऱ्या.

"हो गं बाई. त्यावरून आता वाद नको."

"अहो, डोस सांगा."

"कसला?"

"माझा. टोकावर नेमकं किती घ्यायचात? न सांगता निघून गेलात."

स्टूल नाही. परीक्षणशाळेतले लांब टेबल आहे आणि त्यावर काचेच्या पेटीतला जुना तराजू. बाई पारड्यात चूर्ण टाकतात. काटा हलत नाही. अख्खी बाटली उपडी करतात, तरी काटा शून्यावर ढिम्म. सर पेटीच्या पलीकडून वाकून त्यांच्याकडे बघतात आणि काटा टुणकन उडी मारतो.

"काटा बिघडलाय," बाई म्हणतात.

"चांगला चाललाय की."

"विषय बदलू नका. तुमच्या चूर्णात ब्राह्मी किती होती?"

सर शर्टाच्या बाहीवरचा जुना रंग नखाने खरवडतात. "होती."

"किती?"

"आधी पुष्कळ होती. मग तू जरा हसायला लागलीस, तशी कमी करत गेलो. तुझं पोट बिघडायचं ना. उरलेल्या जागी ज्येष्ठमध."

"ठाऊक होतं मला."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. जीभ काय माहेरी ठेवून आले होते? ब्राह्मी कडू, ज्येष्ठमध गोड. जन्मभर लोकांची भेसळ पकडली मी. ज्येष्ठमधानं रक्तदाब वाढतो, म्हणून चोरून कंपाउंडरकडे जाऊन मोजून घेत होते."

"वाढला का?"

"तुम्ही द्यायचात तेवढ्यानं मुंगीचाही वाढला नसता."

सर मोठ्याने हसतात. हसणे रिकाम्या वर्गात घुमते, कारण हा त्यांचा चित्रकलेचा वर्ग आहे. बाकांवर पाण्याचे ओले गोल उमटले आहेत. मध्यभागी, जिथे मुलांनी चित्र काढावे म्हणून माठ आणि वांगी मांडत, त्या उंच स्टुलावर बाई बसल्या आहेत. पाय जमिनीला पोचत नाहीत.

"मग बोलली का नाहीस? डॉक्टरकी बंद करायचीस माझी."

बाई माठाची जागा सोडत नाहीत. "बोलले असते, तर तुम्ही मापायचं थांबवलं असतं."

सर खडूची धूळ झाडल्यासारखे हात झाडतात. बराच वेळ.

"आता मापा," बाई म्हणतात.

ते हात लांब करतात. पाती उभी धरतात, एक डोळा मिटतात.  मग हात हळूहळू खाली येतो.

"जमत नाही, कुमुद. स्टूल दिसतं. साडी दिसते. चेहऱ्याच्या जागी नुसता कोरा कागद आहे."

"वा! म्हणजे तेवढंही नाही. मग आलात कशाला?"

"मुक्ता म्हणते त्या डॉक्टरकडे जा."

"तो घड्याळ लावून बघतो. पैसे घेऊन."

"फुकट बघणारा मेला ना. आता पैसे टाकून बघणारा शोध."

"स्वतः सुटलात," बाईंचा आवाज चढतो, वर्गाच्या काचा वाजतात, "आणि मी परक्यापुढे हे उतरलेलं तोंड घेऊन बसू? तो काय पाती धरून बसणार आहे?"

"नाही धरणार. पण त्याला दिसेल तरी. मला दिसत नाही."

शाळेची घंटा होते. सर नेहमीसारखे घाईने उठतात, पाती टेबलावर विसरतात. बाई हाक मारायला तोंड उघडतात आणि घंटा परत होते, लांबलचक, दारावरची.

"आई! अंधारात काय पडलीयेस?" मुक्ता स्वतःच्या किल्लीने आत आली आहे. दिवा लागतो. "आंघोळ नाहीच केलीस ना? बघ माझ्याकडे. आणि गालाला काय लागलंय हे?"

कुमुदिनीबाई उठून आरशापुढे जातात. डाव्या गालावर पिवळट भुकटीची उभी रेघ आहे. अर्धा इंच, फार तर. उशीवर पाती पडली आहे.

स्पष्टीकरण सरळ आहे. पातीच्या मुठीच्या सांध्यात जुने चूर्ण अडकलेले असणार. गालाखाली ती दाबली गेली, घामाने भुकटी सुटली. यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. बाई बोटाचे टोक रेघेच्या खालच्या कडेला लावतात आणि नोकरीत कधी न सुटलेल्या सवयीने ते जिभेवर ठेवतात.

गोड.

बाटलीतले कडू आहे. घरात ज्येष्ठमध नाही. त्यांनी कधी आणलाच नाही. आणायचे ते दुसरेच कोणी. जिभेवरची चव विरते आणि बाई उरलेल्या रेघेला हात लावत नाहीत.

"मुक्ता, ती बाटली पर्समध्ये टाक."

"कशाला आता?"

"काय घेतलं, किती वाढवलं, ते त्याला आधी सांगायला हवं. न सांगता गोळ्या सुरू केल्या तर नुकसान होतं. एवढं तरी शिकलेय मी."

मुक्ता पर्स उघडते. घाईघाईने बाटली उचलते, आई विचार बदलण्याच्या आत चपला पुढे सरकवते. मग टॉवेलचे टोक ओले करून आणते. "इकडे ये, गाल पुसते. असं जाणार का लोकांत?"

कुमुदिनीबाई तोंड बाजूला घेतात.

"राहू दे. बघायचेच पैसे घेतो ना तो? मग बघू दे."