जाऊबाईंच्या हाताचा गुण

लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मी थोरल्या जाऊबाईंवर जळत होते. अगदी जळतच, त्याला दुसरा सभ्य शब्द मला सापडलेला नाही.

आमचे हे रविवार कारंजा चौकाजवळच्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. छपाई झाली की खिळे रॉकेलने धुवावे लागत, आणि ते रॉकेल ह्यांना सोसत नसे. बोटं सुजायची, खाजायची, चिरा पडायच्या. हात बरे झाल्याशिवाय कामावर येऊ नका, असं मालकांनी शेवटी सांगून टाकलं. दवाखान्यातल्या मलमाने दोन दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच.

मग रोज संध्याकाळी जाऊबाई हळद लावायला बसू लागल्या. घोटीकडच्या माहेराहून आणलेली हळकुंडं त्या स्वतः कुटायच्या आणि तुपात कालवून वाटीत ठेवायच्या. हे त्यांच्यापुढे दोन्ही हात पसरून बसायचे. सासूबाई गेल्यावर त्यांनीच ह्यांना वाढवलं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी पोटात दुखायचंच. बायको मी, आणि नवऱ्याचा हात दुसरीच्या मांडीवर! त्यात सूज उतरू लागली. "वहिनीच्या हाताला गुण आहे," हे म्हणाले, तेही माझ्यादेखत.

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून सुटी हळद आणली, चांगली पिवळीधमक. जाऊबाईंची हळद मोरीत ओतली आणि त्याच वाटीत माझी कालवून ठेवली. हात बरे झाले की सगळ्यांपुढे सांगणार होते, हळद माझी होती म्हणून.

आठ दिवसांत ह्यांचे हात पुन्हा फुगले. नुसती आग आग व्हायची. जाऊबाई स्वतःचे तळवे उलटसुलट करून पाहत राहिल्या.

"माझ्या हाताचा गुण गेला गं," त्या म्हणाल्या. "आता तूच लाव. मी नाय शिवायची."

खरं सांगते, मला आधी बरंच वाटलं.

हळद लावताना घालायचा ह्यांचा एक जुना सदरा ठरलेला होता. तो मी त्या रविवारी धुवायला काढला. बाहीवरच्या जुन्या डागाला साबण लागताच तो कुंकवासारखा लाल झाला. हळद साबणाने लाल होते, हे कुठल्याही बाईला माहीत असतं. शेजारीच माझ्या हळदीचा डाग होता. घासघास घासला, तरी पिवळा तो पिवळाच. मी आणलेला नुसता रंग होता.

मी मुकाट्याने जाऊबाईंच्या डब्यातली हळकुंडं कुटली आणि रोज लावत राहिले. महिनाभरात हे कामावर गेले. "धाकटीच्या हाताला लय गुण हाय," जाऊबाई साऱ्या आळीला सांगत सुटल्या. मी ते कौतुक पदरात घेतलं. ह्यांचे हात एकदाचे माझे झाले होते.

पुढे दहाएक वर्षांनी वर्तमानपत्रात हळदीवर लेख आला. हळदीत कर्क्युमिन नावाचं पिवळं द्रव्य असतं, सूज आणि खाज त्यानेच कमी होते, असं त्यात लिहिलं होतं. मी मोठ्या हौसेने तो जाऊबाईंना वाचून दाखवला. शेंगा सोलता सोलता त्या थांबल्या.

"म्हणजे गुण हळदीचा, हाताचा नाय?"

"हो ना."

"मग त्या आठ दिवसांत माझ्या हातानं काय झालं होतं गं?"

त्यांच्या पोटच्या लेकीला लग्नात हळद लावायची वेळ आली, तेव्हाही त्या हात पदराखाली घेऊन लांब उभ्या राहिल्या होत्या.