वादीच्या दोन काठांवर

सौदीतल्या जुबैलहून पहाटे निघालो तेव्हा मोटरहोम नसरीन चालवत होती. चाकांवरचं ते अख्खं घर आम्ही दोन जोडप्यांनी भाड्याने घेतलं होतं: चिपळूणचे नसरीन आणि इब्राहिमभाई, नाशिकचे सुधीर आणि मी. रियाध मागे पडलं, तुवैक डोंगराचे कडे दिसू लागले आणि दुपारी आम्ही राखीव वाळवंटातल्या एका वादीत (कोरड्या नदीच्या पात्रात) बाभळीखाली थांबलो. नसरीनने तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी काढली. जेवून इब्राहिमभाई कॅमेरा घेऊन पलीकडच्या खडकांत डोंगरी रानबकरे शोधायला गेले.

भांडी आवरतोय तोच धुरळा उडवत एक पिकअप आली. आतला म्हातारा उंटवाला वरच्या कड्यांकडे हात करून ओरडला, “सैल! यल्ला, यल्ला!” सैल म्हणजे पूर, यल्ला म्हणजे चला.

“इथे तर कडक ऊन आहे,” सुधीर म्हणाला.

“पाऊस वर पडतोय, सुधीरभाई. तो ढग बघा,” नसरीन म्हणाली.

तिने हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. खडकांत हालचाल नाही, मोबाइलला रेंज नाही. सुधीर धावत सुटणार, तोच तिने त्याचा दंड धरला. “नको. दोघंही अडकाल. आत बसा.”

“आणि इब्राहिमभाई?” मी विचारलं.

तिने गाडी सुरू केली. मागची चाकं वाळूत फिरत राहिली. तिने थोडं मागे घेऊन पुन्हा चढ धरला. आतली भांडी धडाधड कोसळली आणि आम्ही पिकअपमागून काठावर आलो.

आधी आवाज आला, दगड गडगडल्यासारखा. मग तपकिरी पाणी आमची चटई घेऊन गेलं. थोड्या वेळाने पलीकडच्या काठावर इब्राहिमभाई दिसले आणि नसरीन हात हलवत काठाशी धावली. हाका पोहोचत नव्हत्या. म्हाताऱ्याने थर्मासमधला गाहवा (वेलदोड्याची कॉफी) पुढे केला. “सबर,” धीर धरा, एवढंच म्हणाला.

ऊन उतरलं तसं पाणी घोट्याइतकं राहिलं. मग म्हाताराच पिकअपमधून इब्राहिमभाईंना घेऊन आला.

“गाडी चढताना लांबून पाहिली,” इब्राहिमभाई म्हणाले. “जिवात जीव आला.”

“तुम्हाला टाकून गेले मी,” नसरीन रडायला लागली. “मागे वळून बघितलंच नाही. बघितलं असतं तर गाडी हलली नसती.”

परतीला सुधीर चालवत होता. मागे ती दोघं हात धरून झोपली होती. मी मात्र जुबैल येईपर्यंत जागी होते. नसरीनच्या जागी मी असते, तर सुधीरला हाका मारत त्या वाळूतच उभी राहिले असते. आणि माझ्यापायी बाकीचेही वाहून गेले असते.