ही मधुरा बिरादार कोण?

आता हे कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला? पण चहा ठेवलाच आहे तर ऐका. मी माझ्याच खात्यावर दरोडा घातला, आणि दरोडेखोर शोधायचं काम ऑफिसनं मलाच दिलं. आज हसू येतं. त्या दिवशी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं.

माझं माहेर नांदेडचं, सासर लातूरचं. माहेरी मी स्वाती कदम. लग्नात ताटात तांदूळ पसरले, आमच्या ह्यांनी अंगठीनं त्यात 'मधुरा' लिहिलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि झाले मी मधुरा बिरादार. नाव काय ठेवलंय ते मलासुद्धा तेव्हाच कळलं. पहिले काही दिवस आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, "मधुरा" अशी हाक मारली की मी मागं वळून बघायची, पाहुणी कोण आली म्हणून!

नोकरी माझी पुण्याच्या कंपनीत, पण घरून. आम्ही एका बँकेचं मेनफ्रेम सांभाळतो. मेनफ्रेम म्हणजे कपाटाएवढं एक मशीन. त्याच्या पोटात लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारे शेकडो सर्व्हर, म्हणजे कॉम्प्युटरच. हात लावायला जावं तर वेगळा असा एकही नाही, पण चालतात सगळे खऱ्यासारखे, एकाच छताखाली नांदतात म्हणा ना. त्या सगळ्यांच्या दारावर मी. कुणाला खातं, म्हणजे आत यायचं नाव आणि पासवर्ड द्यायचा, कुणाचं काढायचं, कुणाला कुठपर्यंत आत सोडायचं, हे माझं काम. आत्याबाई शेजारणींना सांगायच्या, "सून बँकेची राखण करती. बसल्या जागी."

ही घरून नोकरी सासरी चालली ती एका अटीवर. आप्पा, म्हणजे सासरे, गंजगोलाईच्या बाजारात भांड्यांचं दुकान चालवतात. माणूस मुळातच कमी बोलतो. लग्न ठरतानाच म्हणाले होते, "कर की नोकरी. पण तुझ्या कामापायी घरावर कोणी बोट दाखवलं, तर त्या दिवशी ते मशीन बंद." एवढंच. पण रोज सकाळी लॅपटॉप उघडताना मला ते वाक्य ऐकू यायचं.

तर एक दिवस आत्याबाई चहा घेऊन आल्या, स्क्रीनकडं बघितलं आणि सहज म्हणाल्या, "मधुरा, हितं अजून कदमच हाय व्हय?"

रागावल्या नव्हत्या हो. पण नव्या नवरीचं मन कसं असतं, तुम्हाला काय सांगायचं? मला वाटलं, झालं, आता घरभर होणार की हिचा जीव अजून माहेरात आहे.

आमच्याकडं नियम असा की आपल्या स्वतःच्या खात्याला आपण हात लावायचा नाही, दुसऱ्याकडून करून घ्यायचं. पण मी म्हटलं, दिवसभर मी जगाची खाती करते, माझ्या एका नावासाठी आता दुसऱ्याच्या मागं लागू? केला की नाही शहाणपणा?

आता एक गोष्ट समजून घ्या. मशीनला तुमच्या नावाशी काही घेणंदेणं नसतं. ते प्रत्येकाला एका नंबरावर ओळखतं. नाव म्हणजे माणसांच्या सोयीसाठी वर चिकटवलेली पट्टी. मी फक्त पट्टी बदलायची होती. पण हाताला सवय रोजची, गेलेल्या माणसाचं खातं काढायचं आणि आलेल्या माणसाचं उघडायचं. मी एस-कदम काढून टाकली, नंबरासकट. आणि एम-बिरादार उघडली, नवा नंबर देऊन, माझे होते नव्हते ते सगळे अधिकार देऊन.

मग ज्या सर्व्हरवर मी आधीपासून आत होते, त्यावर एक नवी खिडकी उघडली. तिथं डावीकडं आपलं नाव दिसतं. माझ्या नावाच्या जागी त्यानं इंग्रजीत लिहिलं होतं, 'मला नाव नाही!' शेवटी उद्गारचिन्ह. मी घाईघाईनं केलेलं परत फिरवायला गेले, तर उत्तर आलं, 'तुम्ही अस्तित्वातच नाही.'

अहो, थट्टा नाही, ते मशीन खरंच असं बोलतं! म्हटलं, निदान मधुरा होऊन आत शिरावं. तर नव्या खात्याला पहिल्यांदा आत यायचं तर वरिष्ठांची परवानगी लागते. ही अट कुणी घातली होती? मीच!

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून गोखले सर, माझे वरिष्ठ.

"स्वाती, घाबरू नकोस," ते म्हणाले, आणि त्यांचाच आवाज कापत होता. "तुझ्याच नावानं आत शिरून कोणीतरी तुझं खातं उडवलंय. आणि लगेच सगळे अधिकार घेऊन एक बाई दारात येऊन उभी आहे. मधुरा बिरादार. ओळखतेस तू हिला?"

सांगायचं ना तिथंच? ऑफिसातलं लग्नाला कोणी आलं नव्हतं, नाव बदललेलं कुणाला माहीत नव्हतं. सांगून मोकळं व्हायचं. पण माझी जीभ टाळूला चिकटली, आणि सुटली ती नेमकं हे बोलायला, "नाही सर."

संपलं. सर म्हणाले, सगळ्या सर्व्हरची दारं मी बंद करून टाकली आहेत, बँकेची माणसं बाहेर खोळंबलीत, डोक्यावर बसलीत. खात्यांची माहिती तुझ्याइतकी कुणाला नाही, तेव्हा ही बाई कोण ते तूच शोध. सापडली की मी थेट पोलिसांत देणार. मी म्हटलं, "हो सर." आणि फोन बंद करून ज्वारीच्या डब्यात खुपसला. का खुपसला, विचारू नका. डबा समोर होता.

मग बसले भिंतीला टेकून. नोकरी गेली, हे तर नक्कीच होतं. पण मला दिसत होते ते आप्पा. उंबऱ्यात उभे, आणि शेजारच्या खिडक्यांत माणसं. मांजराचा धक्का लागून ताटली पडली तरी मला पोलिसांची जीप आल्यासारखं वाटायचं.

जीप आली नाही, आप्पा आले. भर दुपारी! ऐन गिऱ्हाईकाच्या वेळेला दुकानाचं शटर ओढून. चेहरा पांढराफटक.

झालं होतं असं. माझा फोन लागेना म्हणून लग्नानंतर मी कंपनीत नुसता 'घर' म्हणून बदलून दिलेला नंबर सरांनी लावला. तो आप्पांचा.

"तुझ्या हापिसाचा फोन हुता," आप्पा म्हणाले. "स्वाती हाय का म्हून विचारलं. म्या म्हणलं, आमच्यात कोणी स्वाती न्हाई, मधुरा हाय. मधुरा बिरादार. तर ते माणूस म्हणलं, तिला घरातून हलू देऊ नका, पोलीस पाठवतो." मग आवाज खाली आणून विचारलं, "पोरी, त्या स्वातीचं काय केलंस तू?"

मला रडूच फुटलं. शेवटी आत्याबाई पदराला हात पुसत आतून आल्या आणि म्हणाल्या, "अव्हो, स्वाती म्हंजे हीच की. पत्रिका वाचली न्हाई का तुम्ही?"

आप्पा माझ्या मशीनकडं वळले. मला वाटलं, आता लॅपटॉप बंद करायला सांगतील. ते एवढंच म्हणाले, "लाव फोन. पोलीस यायच्या आत लाव."

ज्वारीतून फोन काढला, झटकला, लावला. सरांनी लॅपटॉपवरून व्हिडिओवर यायला सांगितलं. पलीकडं सर आणि सुरक्षा विभागातला एक गंभीर माणूस. मी एका दमात सांगितलं की सर, मधुरा मीच आहे.

"मग स्वाती कुठे आहे?"

"ती पण मीच, सर."

मग तो गंभीर माणूस म्हणाला, चेहरा यांचाच आहे, पण ती मधुरा मागे उभी राहून यांना हे बोलायला लावत नसेल कशावरून? आणि नेमक्या तेव्हाच त्याला माझ्यामागं आत्याबाई दिसल्या. हातात उलथनं! त्यानं विचारलं, "मागच्या त्या बाई कोण?"

कागद दाखवावेत तर ओळखपत्रं सगळी ह्यांनी नाव बदलायला नेलेली, आणि हे कामाला चाकूरला. माझं डोकं चालेना. चाललं ते आत्याबाईंचं. फडताळातून त्यांनी ताट काढून आणलं, लग्नातलं. काठावर कोरलेलं होतं, 'चि. सौ. कां. स्वातीस, मावशीकडून'. आणि माझ्या फोनात त्याच ताटाचा फोटो होता. त्यात तांदूळ, तांदळात 'मधुरा', काठावर 'स्वाती', आणि ताटाला हात लावून दात काढत बसलेली मी. ताट आणि फोटो दोन्ही कॅमेऱ्यापुढं धरले. बँकेच्या मेनफ्रेमची सुरक्षा त्या दिवशी एका स्टीलच्या ताटावर टिकली, हे कुठं बोलू नका.

आप्पा मध्येच कॅमेऱ्यात वाकले. हात जोडून म्हणाले, "सायेब, पोरीची चूक न्हाई. नाव आम्ही बदललं." माझ्या डोळ्यांत परत पाणी आलं, पण ते भीतीचं नव्हतं.

सर मला खूप बोलले. बोलायलाच पाहिजे होतं. पण पोलीस थांबवले, नोकरीही ठेवली. माझे मोठे अधिकार तेवढे काढून घेतले. मग जुनं खातं जुन्याच नंबरासकट उभं केलं आणि म्हणाले, "नवं नाव नंतर रीतसर देऊ. सध्या स्वाती म्हणूनच आत ये. सगळे थांबलेत."

मागं आप्पा, आत्याबाई, दारात दोन शेजारणी. मी नाव टाकलं, पासवर्ड टाकला. नाही घेतलं. परत टाकलं. नाही घेतलं. तिसऱ्यांदा टाकलं तर पलीकडं कसला तरी भोंगा वाजला, आणि सर अगदी शांत आवाजात म्हणाले, "स्वाती, ती मधुरा बिरादार पुन्हा दारात येऊन उभी आहे. काय करू तिचं?"

मी स्क्रीनकडं बघितलं. भीतीच्या भरात तीनही वेळा मी मधुराच टाकलं होतं.

म्हटलं, "तिला आत घेऊ नका सर. तिला कामातलं काही कळत नाही."