आईच्या कमरेचं घुंगरू

आमच्या घरी बैल नव्हता, पण बैलाचं घुंगरू होतं. ते आई कमरेला बांधायची. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्या तोंडाकडे पाहून गप्प होतात. पुढचं समजावून सांगायचा मला आता कंटाळा येतो, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

ऐंशीच्या दशकाची पहिली वर्षं. आम्ही पांढुर्ण्याला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो, मागे स्वयंपाकाचं छप्पर. बाबा तिगावकडच्या एका खेड्यात मास्तर होते. सकाळच्या पॅसेंजरनं जायचे, दिवेलागणीला परत यायचे. मधला सगळा दिवस, शाळेचे तास सोडले तर, घरात मी आणि आई. मी तेरा वर्षांची असताना तिला मिरगीचे झटके यायला लागले. पहिला आला तेव्हा ती चुलीपुढे होती आणि मी पुढच्या खोलीत गणितं सोडवत होते. मागे पातेल्यांचा आवाज थांबला हे मला कळलं होतं. पण आवाज थांबला म्हणून कोणी उठून पाहतं का? मी पाणी प्यायला उठले तेव्हा तिचा उजवा हात निखाऱ्यांत होता.

त्यानंतर जे जे करतात ते सगळं झालं. कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली, मुठीत किल्ल्यांचा जुडगा दिला. जामसांवलीला मारुतीच्या पायाशी नेऊन आणलं. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि सांगितलं की गुण यायला वेळ लागेल, तोवर बाईंना एकटं सोडू नका. हे त्यांनी बाबांना सांगितलं, पण बाबांना तर पॅसेंजर गाठायची असायची. शाळेच्या वेळात शेजारच्या काकू येऊन बसत. उरलेला दिवस माझ्या वाट्याला आला. तसं कोणी म्हटलं नाही, पण घरात तिसरं होतं कोण?

मी पुस्तक उघडून बसायची आणि कान मागे लावायची. जरा शांत वाटलं की ओरडायची, "आई, आहेस न?"

"आहे वो माय! कुठं जाऊन राहिली मी?"

पुन्हा दोन ओळी वाचल्या की पुन्हा तेच. आई वैतागायची, मी वैतागायची, अभ्यास बोंबलायचा. त्या वर्षी पोळ्याच्या आधीच्या बाजारातून बाबांनी पितळेचं एक घुंगरू आणलं, बैलांच्या माळेतलं, चांगलं सुपारीएवढं. आईपुढे धरलं.

"अवो, हे बांध कमरेले. वाजत राहीन तं पोरीले समजंन. तिचा घसा तरी वाचंन."

आई त्या घुंगराकडे पाहत राहिली. "म्हंजे मले बैलच करून टाकलं तुम्ही! आता शिंगं रंगवा न पुरनपोळी चारा."

आणि ती हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. बाबाही हसले. मी हसले नाही. मला खरोखर हायसं वाटलं होतं.

घुंगरू बांधलं आणि माझा घसा वाचला, पण कान मात्र कामाला लागले. ती भांडी घासताना ते कसं वाजतं, दळण निवडताना कसं, वाकून झाडताना कसं, हे मला न पाहता कळायला लागलं. जोरजोरात वाजलं तर काळजात धस्स व्हायचं, कारण झटक्यात ते तसंच वाजायचं. अजिबात वाजलं नाही तरी धस्स व्हायचं. मधलं जे संथ वाजणं, तेवढ्यापुरता माझा जीव जाग्यावर असायचा. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "सरका बाप्पा, मास्तरीनबाईची बैलजोडी आली." आईही त्यांना उलट चिडवायची. तिनं ते सगळं थट्टेवारी नेलं. मला ती थट्टा कधी जमली नाही. मैत्रिणी पोळ्याला सजवलेले बैल पाहायला निघायच्या, मी येत नाही म्हणायची, कारण गल्लोगल्ली घुंगरं वाजायची आणि मला त्यातून आईचं शोधून काढावंसं वाटायचं.

मग बोर्डाचं वर्ष आलं. तोवर झटके खूप कमी झाले होते. परीक्षेच्या दिवसांत बाबांनी काकूंना बसवून ठेवलं होतं, काळजीचं कारण नव्हतं. विज्ञानाचा पेपर होता. येत होतं सगळं. अर्धा पेपर लिहून झाला आणि वर्ग एकदम शांत झाल्यासारखा वाटला. तशी परीक्षेत शांतताच असते, त्यात नवल ते काय! पण माझे तळहात ओले झाले, अक्षरं दिसेनात, आणि कान काहीतरी शोधायला लागले जे तिथं नव्हतंच. मी पेपर देऊन टाकला आणि घरापर्यंत पळत गेले.

आई आणि काकू अंगणात खाटेवर कुरड्या घालत होत्या. घुंगरू संथ वाजत होतं.

"एवढ्या लवकर? पेपर झाला?" आईनं विचारलं.

मी तिच्या कमरेकडे पाहिलं. तिला कळलं. तिचे हात चिकाचे होते, तशाच हातांनी तिनं कमरेची दोरी सोडायला घेतली. गाठ सुटेना.

"काढून टाकतो हे. पोट्टीचं वाटोळं करून राहिलं हे."

काकूंनी तिचे हात धरले. मला विज्ञानात सप्लिमेंटरी आली. ती मी सोडवली, पण पुढे शिकवायला घरात कोणाचा उत्साह उरला नाही, माझाही नाही.

घुंगरू सुटलं ते आणखी वर्षभरानं, डॉक्टरांनी "आता बऱ्या आहेत" म्हटल्यावर. आईनं ते शेजारच्या गोऱ्ह्याच्या गळ्यात बांधून दिलं. आई बरी झाली, अगदी पूर्ण. बाजारात जायची, विहिरीवर जायची, लग्नांत नाचायची. मीच तेवढी तिथं राहून गेले. गोऱ्हा गल्लीतून गेला की मी हातातलं काम टाकून ऐकत उभी राहायची.

पुढं माझं लग्न झालं आणि मी सौंसरला आले. सासरी संत्र्याचा बगीचा होता. दुपारी सगळे बगीच्यात जायचे आणि घरात सासूबाई आणि मी. त्या जेवून आडव्या व्हायच्या आणि घर गप्प व्हायचं. एका दुपारी मला राहवलं नाही. मी हळूच गेले आणि त्यांच्या नाकापुढे बोट धरलं. त्यांनी डोळे उघडले.

"मेली का जित्ती हाओ, ते पाहून राहिली का वो?"

गावभर झालं ते. नवीन सून सासूच्या मरणावर टपली आहे म्हणून. आता सांगताना मलाही हसू येतं, तेव्हा मात्र विहीर जवळ करावीशी वाटली होती. यांना सगळं सांगितलं, तर हे म्हणाले, "आई बरी झाली न तुझी? मंग आता कायची भीती?" खरंच होतं त्यांचं.

त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं पुष्कळ वर्षांनी, झोप येत नाही म्हणून नागपूरला दाखवलं तेव्हा. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, त्या वयात मेंदू अजून घडत असतो. तेव्हा जी भीती रोजची होते, तिला मेंदू जगण्याची रीतच समजून बसतो. नंतर धोका गेला तरी तो पहारा द्यायचं सोडत नाही. मी म्हटलं, बरं, मग आता त्याला सांगायचं कसं? त्या नुसत्या हसल्या आणि गोळ्या लिहून दिल्या. मला राग आला नाही. राग यायलाही अंगात जोर लागतो.

तेव्हा माझी मुलगी नववीत होती. भारी दांडगट आवाजाची पोर. चपला घासत चालायची, अंघोळीला गेली की बादली आपटायची, अभ्यास करताना टेबलावर पेन ठोकत राहायची. मी ओरडायची, "जरा शांत बसत जा, कान किटले." ती तोंडापुरतं हो म्हणायची आणि जरा वेळानं पुन्हा ठकठक सुरू.

एका रविवारी तिची मैत्रीण अभ्यासाला आली होती. मी मागच्या पायरीवर गहू निवडत बसले होते. खिडकी उघडी होती. मैत्रीण म्हणाली, "ते पेन बंद कर न बाई, डोकं दुखून राहिलं माझं."

माझी मुलगी म्हणाली, "बंद केलं का आई पाहाले येते. तिचा चेहरा कसातरीच होते. तू पुस्तक घे न, मी हळू वाजवतो."

सूप माझ्या मांडीवरच राहिलं. माझ्या आईच्या कमरेला घुंगरू बाबांनी बांधलं होतं. हिला तर कोणी बांधलंही नव्हतं. हिनं आपलं आपण बांधून घेतलं होतं, किती लहानपणापासून कोण जाणे, आणि मी वरून तिलाच रागवत होते. मी तिथं बसून रडले. जे मला झालं ते माझ्यापाशी संपावं एवढीच माझी इच्छा होती, आणि तेवढंही झालं नव्हतं.

मैत्रीण गेल्यावर मी मुलीच्या खोलीत गेले. म्हटलं, "दार लाव. पेन ठेव खाली. अजिबात आवाज न करता अभ्यास कर. मी येणार नाही पाहायला."

तिनं पेन खाली ठेवलं. "नक्की?"

"नक्की."

तिनं दार लावलं. मी स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिले. आतून काहीच ऐकू येईना. तळहात ओले झाले, पाय आपोआप दाराकडे वळत होते. मी ओट्याची कड धरून ठेवली. चहासुद्धा टाकला नाही, मला काही सुचतच नव्हतं. घर कधी नव्हे इतकं गप्प झालं होतं.

मग आतून तिचा आवाज आला.

"आई, आहेस न?"

"आहे," मी म्हटलं.

थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं.