बाबांच्या ट्रकला सन व्हायझर

आमच्या ट्रकला सन व्हायझर, म्हणजे ऊन अडवायला काचेवर खाली ओढायच्या पट्ट्या, नव्हतेच. पुढं लांब नाक काढलेली जुनी गाडी. तिच्यातून बाबांनी आयुष्यभर कापसाच्या गाठी वाहिल्या. संध्याकाळी ऊन डोळ्यांवर आलं की काचेच्या वरच्या भागाला आतून ओला दुपट्टा बांधायचे, विषय संपला. पण त्यांचं वय झालं आणि माझ्या भावानं किल्ली स्वतःकडे ठेवून घेतली. त्याला ट्रक विकायचा होता. इकडे अकोल्याला जुन्या गाड्यांचा मेळावा भरणार होता आणि बाबांना गाडी स्वतः चालवत न्यायची होती. मी पडले भांडकुदळ. "त्यांची नजर चांगली आहे, फक्त उन्हाचा त्रास होतो. मी व्हायझर बसवून घेते आणि शेजारी बसून जाते," असं सांगून मी किल्ली मिळवली.

अमरावतीच्या भंगार बाजारातून एका जीपचे दोन व्हायझर आणले. अंगणात बसवायला घेतले आणि पहिल्याच भोकावरून आमचं वाजलं. ड्रायव्हरच्या डोक्यावर, जिथं व्हायझर यायला हवा, नेमका तिथंच अंबादेवीचा फोटो. रस्त्यात कुठलंही देऊळ आलं की बाबांचा हात वर जाणार, फोटोला लागणार, मग छातीला. मागच्या जन्मापासूनची सवय म्हणा.

"देवी हलनार नाई," बाबा म्हणाले.

"मग घ्या डोळ्यावर ऊन."

"आजलोक काय घेतलं मंग?"

दोघंही हट्टी. शेवटी तेच नमले, कारण किल्ली माझ्या पर्समध्ये होती. मी फोटो वीतभर डावीकडे सरकवला. ड्रिल हातात घेतलं तेव्हा मात्र काचेची भीती वाटली. पत्र्याला लागूनच जुन्या घडणीची, दोन तुकड्यांची काच. तडकली तर दुसरी मिळणार कुठून? "हळू, वं माय, हळू!" बाबा ओरडत होते आणि त्यांच्या ओरडण्यानंच माझा हात हलत होता. कसेबसे स्क्रू बसले. व्हायझरची स्प्रिंग ढिली होती, धक्का लागला की तो खाली यायचा. "चालते," बाबा म्हणाले.

दुपार कलल्यावर निघालो. मूर्तिजापूरपर्यंत बाबा झकास चालवत होते, मला जुने किस्से ऐकवत होते. मूर्तिजापूर मागं पडलं, सूर्य थेट समोर उतरला आणि ते गप्प झाले. व्हायझर वर दुमडलेलाच.

"खाली घ्या ना."

"मले लागत नाई. तुह्या समाधानासाठी लावू देल्ला."

पुढं रस्त्याच्या कडेला मारुतीचं देऊळ आलं. मी हात जोडत म्हटलं, "मारुती आला." बाबांचा हात सवयीनं वर गेला, तो जुन्याच जागी. बोटं व्हायझरला लागली आणि तो धप्पकन त्यांच्या डोळ्यांसमोर पडला. मला वाटलं, आता एक शिवी हासडतील आणि वर ढकलतील.

"ढग आला वाटते," बाबा शांतपणे म्हणाले. "बरं झालं."

आभाळात बोटभर ढग नव्हता. समोर तुरीच्या कुटाराची, म्हणजे भुशाची, ट्रॅक्टरची ट्रॉली संथ चालली होती, अंतर कमी होत होतं आणि बाबांचा पाय एक्सिलरेटरवरून हलत नव्हता.

"बाबा, ब्रेक!"

त्यांनी ब्रेक दाबला. कशाला, हे विचारलं नाही.

"डावीकडे घ्या. अजून. अजून थोडं. बस."

ज्या माणसानं या केबिनमध्ये कधी कोणाचं ऐकलं नव्हतं, तो माझ्या शब्दावर स्टिअरिंग फिरवत होता. तेव्हा मी खरी घाबरले. गाडी कडेला थांबली. ट्रॉली पुढं निघून गेली, तिच्या ड्रायव्हरनं मागं वळूनही पाहिलं नाही.

"काय दिसते तुमाले?"

"ऊन खाली आलं का निस्तं पांढरं."

"कधीपासून?"

"लय दिवस झाले."

"मंग सांगितलं काहून नाई?" मी किंचाळले.

"सांगितलं असतं, तर तू बसली असती काय माह्या बाजूले?"

"नसती बसली! मरायले बसू काय?" आणि मला रडू फुटलं. रडता रडता मी आणखी पुष्कळ बोलले. घरी माझी दोन लेकरं आहेत, तुम्हाला काही वाटलं नाही का, असंही बोलले. भावाशी भांडले तेव्हा इतक्या तावातावानं त्यांची बाजू घेतली होती, त्याचाही राग होताच. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग इंजिन बंद केलं, आपल्या बाजूचं दार उघडलं आणि पायानं पायरी चाचपडत राहिले. पायरी काही सापडेना.

"पोरी," ते म्हणाले, "उतरव मले."