पहूरचं एक मत

नाशिकहून निघालो तेव्हा पिशवीत दोन सदरे, चिवड्याचा डबा आणि पूर्व खानदेशातल्या पदवीधरांची यादी होती. अप्पासाहेब, म्हणजे मनातल्या मनात मी ज्यांना सासरे ठरवून बसलो होतो ते निवृत्त हेडमास्तर, विधान परिषदेला पदवीधरांतर्फे उभे होते. त्यांच्या सुमनची माझ्याबद्दल काही तक्रार नव्हती. अप्पासाहेबांची होती. "सबंध पूर्व खानदेश तुमच्याकडे. एक मत आणून दाखवा, मग बोलू. ज्याला एक मत मिळवता येत नाही, तो संसार काय करणार?"

मत गुप्त असतं, मग ते मीच आणलं हे यांना कळणार कसं, हा प्रश्न मला मनमाड सुटल्यावर पडला. तोपर्यंत उशीर झाला होता.

जळगावात दोन दिवस पायाचे तुकडे पडले. तिथले पदवीधर म्हणजे वकील, डॉक्टर आणि प्रोफेसर, आणि तिथल्याच एका वकीलसाहेबांनी बहुतेकांना आधीच बांधून ठेवलेलं. एका डॉक्टरांनी रोग्याची नाडी धरल्या धरल्या "मत तुम्हालाच" असं सांगितलं. मी हरखलो. बाहेर आलो तर दुसऱ्या उमेदवाराचा माणूसही हरखून उभा होता. या निवडणुकीत नावांपुढे एक, दोन, तीन असे पसंतीचे आकडे घालायचे असतात. एक वृद्ध वकील यादी बघून म्हणाले, "पहिल्या तीन गेल्या हो. चौथी पसंती शिल्लक आहे, ती नेता का?" जणू मंडईत उशिरा आलो होतो! मी चौथी घेतली. नाही कशाला म्हणा?

यादीत शेवटी एकच नाव उरलं. रघुनाथभाऊ, बी. ए., पहूर. पाचोऱ्याला उतरून जामनेरच्या छोट्या गाडीत बसलो. एक आजोबा मागच्या स्टेशनावर छत्री विसरले म्हणून ओरडले, तर गार्डाने तीच छत्री आपल्या डब्यातून काढून दिली. अशा मुलखात आपलं काम होणार, असं मला उगीच वाटलं.

पहूरला रघुनाथभाऊंचं घर शोधावं लागलं नाही. "बी. ए. कुठे राहतात?" म्हटलं की लहानथोर बोट दाखवत होते. भाऊ कपाशीच्या शेतावरून आले, पण बोलणं सगळं त्यांच्या आईने, काशीअक्कांनी केलं.

"तू कोठला शेस रे भाऊ?" (कुठला आहेस?)

"नाशिकचा. भाऊंच्या मतासाठी आलोय."

"हाई मत त्यानं एकलानं नही. बठ्ठा गावनं शे." (हे मत त्याच्या एकट्याचं नाही, सगळ्या गावाचं आहे.)

गावात पदवीधर एकच, तेव्हा त्याच्या मतावर साऱ्यांचा हक्क! बघता बघता ओटा भरला. भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) समोर आली. मिरचीने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं, आणि त्या भरात अक्कांनी "एवढा लांब कशाला आला रे?" असं विचारल्यावर मी सुमनचं सगळं सांगून टाकलं. तिखटाचं पाणी त्यांना रडणं वाटलं असावं.

"पोरगानं लगीन व्हवाले जोयजे," (पोराचं लग्न व्हायला पाहिजे) अक्कांनी निकाल दिला. मग भाऊंकडे वळून म्हणाल्या, "पण ते मत आपलं, हे त्या म्हाताऱ्याला समजणार कसं?"

मी म्हटलं, "अक्का, ते समजतच नाही. मत गुप्त. नावगाव काही लिहायचं नसतं."

अक्कांनी पाण्याचा तांब्या उचलून माझ्या नाकासमोर धरला. त्यावर त्यांच्या भावाचं नाव कोरलं होतं. घरातल्या हंड्या-पराती, साऱ्यांवर लग्नात देणाऱ्यांची नावं होती.

"भांडावर नाव नही, तं कोणी दिन्हं कसं समजी?" (कोणी दिलं कसं कळेल?)

ओट्यावर माना डोलल्या. मी पुन्हा कायदा समजावला. सगळे "हो, हो" म्हणाले. खानदेशी माणूस पाहुण्याशी वाद घालत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मतदानाच्या दिवशी एका मतदाराला पोचवायला जामनेरपर्यंत चार बैलगाड्या भरून माणसं आली. भाऊ आत गेले ते बराच वेळ बाहेर येईनात. एक आकडा काढायला इतका वेळ? शेवटी शाईची बोटं पुसत बाहेर आले. "दिलं. पक्कं दिलं." अक्का माझ्याकडे बघून हसल्या. मला मात्र धडकी भरली.

तिथून पाचोरा, चाळीसगाव करत धुळ्याला पोचलो. तिथे मोजणीला खुद्द अप्पासाहेब आले होते. दुपारपर्यंत ते सपाटून मागे पडले. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. तेवढ्यात अधिकाऱ्यांनी एक मतपत्रिका उचलली, चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचली. अप्पासाहेबांपुढे ठसठशीत एकचा आकडा, आणि खाली वळणदार अक्षरात, 'रघुनाथ, बी. ए., मु. पो. पहूर. नाशिकच्या पाहुण्याच्या सांगण्यावरून, समस्त गावकऱ्यांतर्फे.'

सगळा हॉल हसला. "ओळख पटते आहे. मत बाद," अधिकारी म्हणाले. मी खुर्चीखाली जायचाच बाकी होतो.

अप्पासाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी पत्रिका लांबूनच, पेपर तपासावा तशी, निरखून पाहिली. "अक्षर चांगलं आहे," म्हणाले. परतीच्या गाडीत मनमाड सुटल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला दोनशे जणांनी मत देतो म्हणून शब्द दिला होता. त्यांतल्या कुणी दिलं, कुणी नाही, देव जाणे. खात्रीने माझं असं ते एकच निघालं, आणि तेही बाद!" आणि माझ्याकडे वळून, "मुहूर्त मार्गशीर्षातला बघू."

मी पहूरला पत्र टाकलं. मत बाद झालं, नाव लिहिल्यामुळेच झालं आणि माझं लग्नही त्यामुळेच ठरलं, सगळं खरं लिहिलं. उत्तर आलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी रेल्वे पार्सलने एक पितळी घागर आली. आत भरताची वांगी. घागर आम्ही उलटीसुलटी करून पाहिली, काठ, बूड, सगळीकडे. कुठेही नाव नव्हतं. मी अंगणात उभा राहून रडलो, आणि या वेळी मिरची खाल्लेली नव्हती.

भांड्यांवर नावं घालणारा अजून अधूनमधून दारावर येतो. सुमन ती घागर बाहेर काढते. मी परत आत नेऊन ठेवतो. म्हणतो, राहू दे ग, नाव घातलं तर बाद होईल.